दुकान काढावे, ही विनंती

पैज लागली ती धुळवडीच्या दिवशी, आणि लावणाऱ्या दोघांपैकी एकानेही दारू घेतलेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे अख्ख्या लालबागेत जो तो म्हणायला लागला की असली पैज शुद्धीवरचा माणूस लावीलच कशी. अण्णा मास्तर शुद्धीवर होते, कारण ते पाण्याशिवाय काही पीत नसत, आणि पाणीसुद्धा दोनदा गाळून. मी शुद्धीवर होतो, कारण सकाळीच मी अण्णांच्या मिटलेल्या छत्रीत शेरभर गुलाल भरून ठेवला होता आणि ती उघडेपर्यंत मला डोकं ठिकाणावर ठेवणं भाग होतं.

छत्री उघडली. अण्णा वरून लाल झाले, मग आतूनही झाले. चाळीत कुणाच्या पगडीत मुंगळे निघाले, कुणाच्या दाराला बाहेरून कडी लागली, की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. पंचेचाळिशी उलटली तरी ही कीर्ती मी राखून होतो. अण्णांनी बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याच दिशेने चालत आले. पण वाटेत जिन्यावर तीन माणसं आडवी पडलेली होती, हरेश्वरच्या दुकानातून निघालेली, आणि त्यांना ओलांडताना अण्णांचा राग माझ्यावरून दारूवर गेला. दारूने माझे असे उपकार केलेत, नाही म्हणत नाही.

हरेश्वरचं दुकान आमच्या चाळीच्या तोंडाशी होतं, नाक्यावर. सरकारी परवान्याचं, पाटीवर नंबर घातलेलं, आत मोहाची दारू आणि दारात माडी. अण्णांचं म्हणणं, माणसाचं मन बदललं की दारू सुटते, आणि मन बदलायला व्याख्यानं लागतात. ते दर एकादशीला व्याख्यान देत. ऐकायला मी आणि त्यांचं मांजर. मी म्हटलं, अण्णा, मनाच्या मागे कशाला लागता? दुकान सरकारने दिलं, सरकारच नेईल. एक अर्ज लागतो. अण्णा गुलालातून हसले. म्हणाले, तुझ्या अर्जाने हे दुकान हललं तर शेंडी उतरवून देईन. मी म्हटलं, नाही हललं तर माझी मिशी.

शब्द तोंडातून निघाला आणि जिन्यातल्या आडव्या माणसांपैकी एकाने मान वर करून विचारलं, कधी? म्हणजे साक्षीदारही झाला. ठरलं असं की हरेल त्याने पगाराच्या दिवशी, गिरण्या सुटायच्या वेळी, दारूच्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांसमक्ष द्यायचं. मुदत मिरग लागेपर्यंत. माझी मिशी त्याआधी एकदाच उतरली होती, वडील गेले तेव्हा. बायकोने, रमाबाईने, हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिशी ठीक आहे. पण ह्याच्यात त्या खालच्या सखुबाईंचं काही भलं होणार असेल तर थट्टा करू नका. नीट करा."

आता हे मिरगाचं काय, ते सांगतो.

आमची चाळ दोन मजली. वर आम्ही कारकून-मास्तर मंडळी, खाली गिरणीवाले. मी स्वतः गिरणीत हजेरीबाबू होतो, सकाळी दरवाजाशी बसून हजर आणि खाडे मांडायचो. खाली जिन्याला लागून कुशाबा आणि त्याची बायको सखुबाई राहत. कुशाबा माझ्याच गावचा, मालवणाकडचा, साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला. एकेकाळी माझ्या खोड्यांतला भागीदार. मग आठ वर्षं हरेश्वरचा. नुसता दुकानासमोरून गेला तरी पाय आत वळायचे. त्याला विचारलं तर शपथेवर सांगायचा की मी वळलो नाही, रस्ताच वळला. पैजेआधीच्या दिवाळीत मात्र त्याने गावच्या रवळनाथाची शपथ घेतली आणि एक युक्ती काढली. पुढच्या वाटेने यायचंच नाही. चाळीच्या मागून गोठ्यांची गल्ली होती, म्हशींची, दुप्पट लांब, दोन्ही बाजूंनी शेण. कुशाबा गिरणीतून सुटला की त्या गल्लीतून यायचा. मला म्हणायचा, दारूच्या वासापेक्षा शेणाचा वास स्वस्त पडतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत थेंब नाही. सखुबाईच्या कपाळावरची जुनी खोक बुजली आणि नवी आली नाही.

पण गोठ्याची गल्ली सखल. मिरग लागला की तिथे म्हशीच्या पोटाला पाणी लागतं. म्हणजे पावसाळ्यात कुशाबाला पुढूनच यावं लागणार, दुकानासमोरून, रोज. सखुबाईने मला हे एकदाच सांगितलं, नळावर, हंडा भरता भरता. भावोजी, पावसाच्या आधी काय ता करा. कुशाबाने स्वतःही सांगितलं, पण त्याच्या पद्धतीने, हसत. "जयवंता, वाट आसा तवसर मी आसंय." वाट आहे तोवर मी आहे. मी पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, मिरगापर्यंत तुला पुढची वाट गंगेसारखी स्वच्छ करून देतो.

आता काम कसं झालं ते ऐका.

दारूचे परवाने देणारी कचेरी फोर्टात होती. भायखळ्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून घोड्यांच्या ट्रामने. कुठली कचेरी ते विचारू नका, तिथले साहेबलोक अजून पेन्शन खात आहेत. तिथल्या एका कारकुनाने मला खासगीत सांगितलं की अर्जबिर्ज राहू द्या, देवळापासून शंभर कदमांच्या आत दुकान असता कामा नये असा दंडक आहे. तुमच्याकडे देऊळ आहे का? होतं. मारुतीचं. मी हवेत तरंगत घरी आलो.

मोजायला कचेरीचा पट्टेवाला आला. उत्तरेकडचा, सहा फुटी, ढांगा अशा की म्हैस ओलांडून जावी. देवळापासून दुकानापर्यंत अठ्ठ्याऐंशी कदम. मी त्याला चहा पाजला. तेवढ्यात हरेश्वरने हरकत घेतली आणि कचेरीने दुसरा पट्टेवाला पाठवला. हा इतका बुटका की त्याच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला गुडघ्याला लागायचा. एकशे अठरा. कागदावर दोन आकडे, तपासनीस साहेब डोकं खाजवतायत, आणि मी गिरणीत हिशेबी डोक्याचा म्हणून प्रसिद्ध, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, साहेब, दोघांची सरासरी घ्या. साहेबाला ते फार आवडलं. घेतली. एकशे तीन.

अण्णा त्या संध्याकाळी स्वतःच्या शेंडीला तेल लावत गॅलरीत बसले होते. तेल लावणं पुरेसं होतं.

मग शेजाऱ्यांच्या सूचना सुरू झाल्या. कुणी म्हणे हरेश्वरच्या माडीत मीठ टाका, कुणी म्हणे दुकानात भूत आहे अशी आवई उठवा. माझ्या डोक्यात त्याहून सरस कल्पना आली. देऊळ लांब आहे ना, मग जवळ आणू. भर दुपारी सगळे जेवून आडवे झालेले असताना मी एक गुळगुळीत दगड शेंदूर फासून दुकानापासून वीस कदमांवर पिंपळाखाली बसवला. माझे कदम, मध्यम मापाचे. चार वाजता मीच ओरडलो की स्वयंभू मारुती प्रगटला. गर्दी झाली, नारळ फुटले, म्हाताऱ्या रडल्या. कचेरीने कळवलं की देव दुकानाच्या आधीचा असावा लागतो. म्हणजे त्या दगडाने माझं काम केलं नाही. हरेश्वरचं मात्र केलं. गिऱ्हाईक आधी मारुतीला हात जोडायचं, एकच पेला घेईन अशी शपथ घ्यायचं, मग निर्धास्त आत जायचं. बाहेर येताना चूकभूल माफ म्हणून पुन्हा हात जोडायचं. हरेश्वर स्वखर्चाने रोज दिवा लावू लागला. मला म्हणाला, जयवंतराव, दुकानात बरकत आली. हा माणूस वाईट नव्हता, हेच त्याचं वाईट.

तेव्हा वैशाख लागला होता, दुकानांचे लिलाव जवळ आले होते, आणि मी शेवटी मुकाट्याने अर्ज लिहायला बसलो.

अर्ज लिहिणं हे माझ्या मते एक शास्त्र आहे. माझं अक्षर गिरणीत साहेबापर्यंत पोचलेलं. मी आमच्या गॅलरीत बसून मोठ्याने मसुदा वाचला: "आमच्या चाळीपाशी मेहेरबान सरकारने दारूचे दुकान लवकरात लवकर काढावे, ही आम्हां सर्व रहिवाशांची एकमुखी विनंती." अण्णा, पैजेत विरुद्ध बाजूला असूनही, मास्तरच ते, त्यांना राहवेना. म्हणाले, काढावे नको, उठवावे लिही. मी म्हटलं, उठवायला ते काय जेवणाचं पान आहे? रमाबाई म्हणाली, "अहो, सरळ बंद करावे लिहा की." मी तिला समजावलं की बंद करावे यात उद्धटपणा आहे, जणू आपण सरकारला हुकूम देतो. काढावे कसं मराठमोळं आहे, पायातला काटा काढावा तसं. मी शाई वाळवली.

पहिला अंगठा सखुबाईचा. तिने पदराला हात पुसून, अंगठा शाईत बुडवून, जपून टेकवला आणि विचारलं, ह्याच्यान होतला मां? मी म्हटलं, झालंच समज. मग दारोदार फिरलो. आणि काय सांगू, लोकांनी असा प्रतिसाद दिला की माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी अर्ज वाचून दाखवायचो आणि पक्के पिणारेसुद्धा हसत हसत अंगठे द्यायचे. जिन्यातला तो आडवा साक्षीदार म्हणाला, "बरं झालं, कुणीतरी मनावर घेतलं. नाक्यावर फार गर्दी होते." मला वाटलं, पश्चात्तापाने बोलतोय. खुद्द हरेश्वरने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, लोकांची मागणी असेल तर मी कोण आड येणार, आणि मोडीत झोकदार सही ठोकली. मी घरी येऊन रमाबाईला सांगितलं की माझ्या वाचनात काहीतरी आहे, दगडाला पाझर फुटतो. बासष्ट सह्या नि अंगठे. पहिली सही माझी, खाली लफ्फेदार रेघ.

कचेरीत तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला. पहिल्या खेपेला तिकीट कमी होतं, दुसऱ्या खेपेला समास. मग तो इंग्रजी करायला दुभाष्याकडे गेला आणि आठ दिवसांत एक नवेच तपासनीस साहेब जागा बघायला हजर. हा साहेब माझ्याशी इतक्या आदराने बोलला की मला संशय यायला हवा होता. म्हणाला, इतक्या वर्षांच्या नोकरीत रहिवाशांचा असा अर्ज मी पहिल्यांदा पाहतोय. सगळे तक्रारी करतात, तुम्ही समजूतदार आहात. मी लाजलो. मग त्याने चाळीला फेरी मारली आणि मागच्या बाजूला गोठ्याच्या गल्लीपाशी थांबून नाकाला रुमाल लावला. विचारलं, इथून माणसांची ये-जा असते का?

मला वाटलं, लोकांचे हाल समजून घेतोय. मी त्याला सगळं मन लावून सांगितलं. साहेब, नाक्यावरच्या दुकानासमोरून जायला ज्यांना नको वाटतं ती सगळी माणसं रोज इथूनच जातात. गिरणी सुटली की थेट इथून. साहेबाने वहीत लिहून घेतलं. मी वर आणखी सांगितलं की पावसाळ्यात पाणी भरतं, बिचाऱ्यांना फार त्रास होतो. तेही लिहून घेतलं. म्हणाला, फरशी टाकून घेऊ. मला गहिवरून आलं.

उत्तर आलं ज्येष्ठाच्या सुरुवातीला. लांबलचक इंग्रजी कागद, पण खाली शिक्क्याशेजारी एक ओळ मराठीत: अर्जदारांची विनंती मंजूर. इंग्रजी मला हजेरीपुरतं येतं, आणि विनंती मंजूर म्हटल्यावर बाकीचं कशाला वाचायचं. रमाबाईने दोनदा म्हटलं, अण्णांकडून वाचून घ्या. मी म्हटलं, ज्याची शेंडी जायचीय त्याच्याकडून? मी कागद काठीला बांधून गॅलरीतून फडकवला. चाळीत साखर वाटली. शिवा न्हाव्याला बोलावणं धाडलं. कुशाबा गिरणीतून आला तोही गोठ्याच्याच गल्लीने, सवयीने, आणि खाली उभा राहून मला हात जोडून दाखवले, थट्टेतच. अण्णा पगाराच्या दिवसाची नि दुकानाच्या पायरीची वाट न बघता, सोवळं नेसून, डोकं ओलं करून, पैज म्हणजे पैज, असे ओट्यावर येऊन बसले. शिवाने वस्तरा चामड्यावर चार वेळा ओढला.

तेवढ्यात हरेश्वर आला. नवं धोतर, हातात नारळ, मागे एक माणूस पेढ्यांची टोपली घेऊन. सरळ माझ्यापाशी आला आणि वाकून माझ्या पायांवर नारळ ठेवला.

म्हणाला, "जयवंतराव, लिलाव मलाच सुटला. गोठ्याच्या गल्लीतलं दुकान. तुमच्या शब्दाला सरकारदरबारी वजन आहे. उद्घाटनाला पहिला पेला तुमच्या हाताने भरायचा."

शिवाचा वस्तरा अण्णांच्या टाळूवर तसाच. मग अण्णांनी हात पुढे केला आणि मी काठीवरचा कागद सोडून त्यांच्या हातात दिला. ओल्या डोक्याने त्यांनी तो वाचला, आधी स्वतःशी, मग मराठीत. लालबागच्या बासष्ट रहिवाशांनी आपल्या चाळीपाशी दारूचं दुकान उघडावं अशी प्रार्थना केली असल्याने, आणि अर्जदारांच्या प्रमुखाने स्वतः जागा दाखवली असल्याने. अण्णांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता व्याकरण सांगतील. दुकान काढणे, म्हणजे हलवणे. दुकान काढणे, म्हणजे थाटणे. सांगितलं नाही. हळूच म्हणाले, "अरे, भाच्याने गेल्या वर्षी दादरला किराण्याचं दुकान काढलं, तेव्हा तू पेढे खाल्ले होतेस."

खाली कुशाबा हसायला लागला. खदाखदा, पोट धरून, आम्ही गावाला खोडी करून पळायचो तेव्हा हसायचा तसा. सखुबाई दाराशी होती. तिने फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

त्यानंतर मी पाच वेळा फोर्टात गेलो. कारकून म्हणाला, एकदा सुटलेला परवाना साल संपेपर्यंत परत घेत नाहीत. मी म्हटलं, चूक दुभाष्याची आहे. दुभाष्याला बोलावलं. तो आला, माझा अर्ज माझ्यासमोर धरून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं आणि विचारलं, तुम्हीच सांगा, ह्याचं दुसरं काय करू? मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं, आणि मी त्याला तसं सांगितलं नाही. वर विचारलं, तुमचा हुद्दा काय? माझा मान असा होता.

दुकान दोन आठवड्यांत उभं राहिलं. गल्लीत खरोखरच फरशी पडली. पाटी लागली, दिवा लागला, म्हशींच्या मागे बाकडी आली. आता चाळीला दोन वाटा आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी हरेश्वर. कुशाबाला मी तिसरी वाट शोधून दिली. संडासांच्या मागे एक बोळ होती, तिच्या टोकाला पुरुषभर भिंत, भिंतीवर काचा. मी स्वतः काचा काढल्या, इथे मात्र कसलीही शंका न ठेवता, आणि पलीकडे एक पिंप ठेवलं. चाळिशीचा माणूस, बारा तास साच्यांसमोर उभा राहून यायचा आणि भिंत चढून घरात उतरायचा. लोक हसायचे. तोही हसायचा. वरून ओरडायचा, सखू, पाव्हनो इलो, पाव्हणा आला. असे नऊ दिवस गेले. मी मोजलेत, हजेरीबाबू आहे.

दहाव्या दिवशी मिरग लागला आणि बोळीत संडासांचं पाणी भरलं. त्या संध्याकाळी कुशाबा गोठ्याच्या गल्लीने आला, फरशीवरून, कोरड्या पायांनी. घरी पोचायला त्याला फार उशीर झाला.

पुढचे पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलणं टाळलं. माझ्याकडे थट्टेशिवाय दुसरी बोली नव्हती आणि ती तिथे चालली नसती. सखुबाई नळावर माझ्या पाळीच्या आधी येऊन जायची. कपाळावर पदर ओढलेला. मग एका सकाळी गिरणीच्या दरवाजाशी कुशाबा माझ्या खिडकीपुढे उभा राहिला. डोळे लाल, पाय ठरत नव्हते, तोंडाला वास रात्रीच्या नव्हे, सकाळच्या दारूचा. अशा माणसाला आत सोडायचा नाही, परत घालवायचा आणि खाडा मांडायचा, हा नियम. हे लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, भिंतीवर. तो म्हणाला, जयवंता, खाडो लावू नको. या म्हयन्यात तीन झाले. मी त्याच्याकडे बघितलं. मागे रांग उभी होती. मला वाटलं, एवढं तरी मी याच्यासाठी करू शकतो.

मी हजर लिहिलं.

नऊच्या सुमाराला खात्यात आरडाओरडा झाला. पट्ट्यात हात गेला आणि हाताबरोबर तो. इस्पितळात दीड दिवस होता. मी बाकावर बसून होतो. एकदा शुद्धीवर आला तेव्हा माझ्या मिशीकडे बघून काहीतरी म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही. रमाबाईने विचारलं तर मी सांगितलं की हसला.

गावाला त्याचा भाऊ होता, पण मिरगानंतर बोटी बंद. तार जायची मालवणपर्यंत, तिथून गावात माणूस, आणि माणूस इकडे यायला दर्या मोकळा नाही. मूलबाळ नव्हतं. मग अग्नी कुणी द्यायचा, तर गाववाल्याने. मी दिला. शिवडीच्या बाजूला पाऊस इतका होता की लाकडं दोनदा पेटवावी लागली.

दहाव्याला क्षौर करायचं असतं, डोकं आणि मिशी. अण्णा आदल्या दिवशी माझ्या खोलीत आले आणि माझ्याशेजारी टेकले. मग म्हणाले, उद्या मिशी जाणारच आहे, तेव्हा ती पैज विसर; मी विसरलो. मी म्हटलं, अण्णा, उद्या तारीख बघा. पगाराचा दिवस होता. अण्णा म्हणाले, अरे, दहाव्याचं क्षौर दारूच्या दुकानापुढे करतात का कुणी? मी म्हटलं, शास्त्रात जागा लिहिलीय का ते बघा. अण्णांनी पोथी आणली, चष्मा लावला, रात्री दिवा असेपर्यंत पानं उलटली. सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "जागा लिहिलेली नाही." ते स्वतः पुढे गेले आणि पायरी धुऊन घेतली.

नाक्यावरच्या दुकानाची नव्हे. गोठ्याच्या गल्लीतल्याची.

गिरण्या सुटल्या. अख्खी गल्ली भरली. निम्म्यांना वाटलं पैज आहे आणि ते दात काढत होते, निम्म्यांना ठाऊक होतं दहावा आहे आणि ते ह्यांना चूप करत होते. थोड्या वेळाने कोण काय म्हणून आलंय ते कुणालाच कळेना. जिन्यातला साक्षीदार पुढेच उभा होता, त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ. हरेश्वरने दुकानाची फळी ओढून घेतली होती आणि पागोटं काढून बाजूला उभा होता. मी पायरीवर बसलो. शिवाने पाणी लावलं, डोकं उतरवलं, मिशीची डावी बाजू उतरवली. मग सवयीने, सगळ्या न्हाव्यांना असते त्या सवयीने, विचारलं, "जयवंतराव, ही पण काढू ना?"

चाळीची मागची भिंत तिथून दहा हातांवर. खालच्या मजल्याची खिडकी त्या गल्लीतच उघडायची. आतून सखुबाईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"शिवादादा, वायच थांब. आधी भावोजींका इचार, काढूची म्हणजे काय ता."

एकजण फिस्सकन हसला आणि त्याचा त्यालाच ठसका लागला. शिवा वस्तरा हवेत धरून माझ्याकडे बघत होता. आयुष्यभर मी लोकांची तोंडं बघून विनोद केले. तिथे अर्धी मिशी घेऊन बसलो होतो आणि उत्तर द्यायचं होतं. मी खिडकीकडे बघून म्हटलं, "काढायची म्हणजे घालवायची, वहिनी. परत येऊ नये अशी."

"पण ती येतली," सखुबाई म्हणाली. "मिशी ती. म्हयन्याभरात येतली."

खिडकी बंद झाली. शिवाने माझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं आणि उजवी बाजू घेतली.